हेड उतरवण्याआधी

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'जुन्या गाडीचं हेड गॅसकेट : निदान कसं करावं'. समोरच्या निम्म्या लोकांच्या दारात प्रीमियर पद्मिनी उभी आहे, उरलेल्यांच्या आठवणीत आहे. त्यामुळे अगदी मुळापासून सुरुवात करत नाही. जे नुसतेच कोणाला सोबत म्हणून आलेत, त्यांच्यासाठी चहा साडेसातला आहे.

एवढंच सांगतो. १०८९ सीसीच्या त्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, त्यावर झाकणासारखं बसणारं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. या दोघांच्या मध्ये दाबलेलं गॅसकेट. त्याने सिलिंडरमधला जाळ, पाणी आणि ऑइल यांची गाठ पडू द्यायची नाही. गाडी खंबाटकी घाटात नीट तापली की हेड वाकतं आणि गॅसकेट उडतं, हे मला मान्य आहे. माझं भांडण वेगळं आहे. गॅसकेट धडधाकट असताना त्याचं पोस्टमॉर्टम करतात, त्याच्याशी.

ओळखीचे एक गृहस्थ आहेत, बँकेतून निवृत्त. नाव सांगत नाही, दुसऱ्या रांगेत बसलेले असू शकतात. (हशा) त्यांची पद्मिनी रविवारी सदाशिव पेठेतून मंडईत जाते, भाजी घेते आणि परत येते. तेवढाच तिचा संसार. जानेवारीत सर्व्हिसिंगला दिली. मिस्त्रीने ऑइल भरायचं झाकण काढलं, आतून बोट फिरवलं आणि ते बोट यांच्या नाकासमोर धरलं. बोटावर पिवळट पांढरी मलई. "साहेब, ऑइलमध्ये पाणी जातंय. हेड उतरावं लागणार."

उतरवलं. फेसिंग झालं, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट केला, नवं गॅसकेट बसलं, बिल झालं. जुनं गॅसकेट मी हातात घेऊन पाहिलं. दोन सिलिंडरांमधल्या अरुंद पट्टीवर जळल्याची खूण नाही, पाण्याच्या भोकांच्या कडा शाबूत. महिन्याभरात झाकणाखाली मलई हजर! मिस्त्रीचं उत्तर तयार होतं, "गॅसकेट लोकल निघालं." म्हणजे आरोपी तोच, फक्त गाव बदललं.

मी ऑइल बघायची डिपस्टिक काढली. ऑइल काळं, पण स्वच्छ, दुधाळपणा नावाला नाही. रेडिएटरमधलं पाणी कमी होत नव्हतं. मग गार इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला हात लावला, तर तो लगेच कोमट व्हायला लागला. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती जागेवर असेल तर तोवर तो पाइप गारच राहायला हवा. हाउसिंग उघडलं, आत थर्मोस्टॅटच नाही! आधीच्या कुठल्यातरी गॅरेजने काढून फेकलेला. "आपल्या हवेत लागत नाही साहेब." हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस या सभागृहात असेल तर हात वर करा. बघा, एकही नाही.

अहो, अडकलेल्या थर्मोस्टॅटने गाडी तापते हे खरंय. पण मग नवा बसवा. पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर लावून तो कधी उघडतो ते घरी बघता येतं. पातेलं मात्र विचारून घ्या.

आता मलई कुठून आली? एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. त्यातली थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑइलपर्यंत जाते. ऑइल चांगलं तापलं तर ती ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वासनळीतून, निघून जाते. थर्मोस्टॅट नाही आणि धाव मंडईपर्यंत, तर ऑइल तापणार कधी? वाफ सगळ्यात गार जागी, म्हणजे झाकणाखाली जमते. तिथे ऑइलमध्ये घुसळली की झाली मलई. एका गॅरेजने थर्मोस्टॅट काढून लक्षण तयार केलं आणि दुसऱ्याने त्या लक्षणावर ऑपरेशन केलं. शिवाय हेड दरवेळी उतरवलं की ते आवळणाऱ्या स्टडचे आटे थकतात. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा बंद झाली. आता सुटे भाग आणि जुने हात, दोन्ही शोधत फिरावं लागतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. निदान राहिलंच की! भराभर सांगतो.

आधी बाहेर बघा. होज, रेडिएटर कॅपचं रबर, वॉटर पंपाखालचं बारीक भोक. मग गार इंजिनावर, रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर टेस्टर लावा, कॅपवर लिहिलाय तेवढाच दाब द्या आणि पंधरा मिनिटं थांबा. काटा उतरला आणि बाहेर थेंब नाही, तर पाणी आत जातंय. चारही प्लग काढून मगच सेल्फ मारा. भोकातून फवारा आला तर सिलिंडर सापडला. प्लग ठेवून मारू नका, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

नंतर निळं औषध. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढायची. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड पाण्यात घुसत असेल तर ते पिवळं पडतं. पाण्याची पातळी आधी थोडी उतरवा, औषधात पाणी जाता कामा नये. निळंच राहिलं म्हणून गॅसकेट सुटलं असं नाही. काही गळती चढावर लोड आल्यावरच होते.

शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजायचा. थ्रॉटल पूर्ण उघडा. शेजारचे दोन सिलिंडर पडलेले आणि बाकीचे दोन ठीक, तर संशय त्यांच्या मधल्या पट्टीवर. या प्रकारात ना ऑइल दुधाळ होतं, ना पाणी कमी होतं; झाकण बघणाऱ्याला ही गळती कधीच दिसत नाही. पडलेल्या सिलिंडरात चमचाभर ऑइल घालून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट.

तडा गेलेलं हेडही हुबेहूब हीच लक्षणं दाखवतं. म्हणून हेड उतरलंच, तर सरळ धातूची पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) लावून वाक मोजा, तडा तपासून घ्या, आणि ते तापलं कशाने ते शोधल्याशिवाय परत बसवू देऊ नका.

टेस्टर आणि औषध मी आणलंय. चहानंतर खाली पार्किंगमध्ये या. तोवर इंजिनं गार होतील. कॅपला कोणी हात लावू नका.