देवाचे पाचारण आणि माणसाचे तारण

श्रोतेहो, तारणाचा, म्हणजे पापातून सुटकेचा, विषय निघाला की आपण सहसा माणसापासून सुरुवात करतो: त्याचे पाप, त्याचा पश्चात्ताप, त्याचा विश्वास. बायबल मात्र देवाच्या हाकेपासून, म्हणजे पाचारणापासून, सुरुवात करते, आणि हा क्रम उलटला तर कृपेच्या, म्हणजे पात्रता न पाहता देव देतो त्या दानाच्या, सिद्धांतातील प्राणच निघून जातो, असे माझे ठाम मत आहे.

उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात देव अब्रामाला आपला देश, आपले नातलग आणि बापाचे घर सोडून निघायला सांगतो. त्यापूर्वी अब्रामाने कोणते पुण्य जोडले होते, याविषयी तो ग्रंथ काहीही सांगत नाही. मोशेला होरेब पर्वताजवळ हाक येते तेव्हा तो सासऱ्याची मेंढरे चारत असतो, आणि ती हाक ऐकून तो एकामागून एक सबबी पुढे करतो. मार्काच्या शुभवर्तमानात येशू जकातीच्या नाक्यावर बसलेल्या लेवीला ‘माझ्यामागे ये’ एवढेच म्हणतो, आणि लेवीच्या घरच्या पंक्तीवर शास्त्र्यांनी (यहुदी धर्मशास्त्राच्या जाणकारांनी) आक्षेप घेतल्यावर, आपण नीतिमानांना नव्हे तर पापी लोकांना बोलावण्यास आलो आहोत, असे सांगतो. यांपैकी कोणालाही पात्रता पाहून बोलावलेले नाही. जी काही पात्रता त्यांच्यात दिसते, ती हाकेनंतर घडत गेलेली आहे.

प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात हाच विचार एका क्रमात मांडला आहे: ज्यांना देवाने आधी नेमले त्यांना पाचारण केले, ज्यांना पाचारण केले त्यांना नीतिमान ठरवले आणि ज्यांना नीतिमान ठरवले त्यांचा गौरव केला. या चारही क्रिया देवाच्या आहेत. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील लग्नाच्या मेजवानीच्या दाखल्यात येशू म्हणतो की बोलावलेले पुष्कळ आहेत, पण निवडलेले थोडके. मग सर्वांच्या कानी पडणारी सुवार्ता काहींच्याच अंतःकरणात का रुजते?

या प्रश्नावर चर्च शतकानुशतके झगडले. पाचव्या शतकात बिशप ऑगस्टीनने, माणूस स्वतःच्या बळावर चांगले जगू शकतो असे मानणाऱ्या पेलागियसच्या विचारांना विरोध करताना कृपेशिवाय माणूस देवाकडे वळू शकत नाही असे प्रतिपादन केले, आणि 529 मध्ये ओरांजच्या धर्मसभेने विश्वासाचा आरंभही कृपेचेच दान आहे असे ठरवले. पुढे 1610 मध्ये डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या अनुयायांनी माणूस कृपेला विरोध करू शकतो असे मांडले. 1618-19 च्या नेदरलँड्समधील डॉर्टच्या प्रॉटेस्टंट सभेने ते नाकारून, निवडलेल्यांच्या अंतःकरणात पवित्र आत्मा हे पाचारण निश्चितपणे सफल करतो, अशी भूमिका घेतली. ट्रेंटच्या कॅथलिक सभेने 1547 मध्येच म्हटले होते की आरंभ कृपेचा असला, तरी माणूस तिला मोकळेपणाने होकार देतो आणि नकारही देऊ शकतो. मला या वादात दोन्ही बाजूंची कळकळ खरी वाटते: एका बाजूला माणसाने स्वतःच्या तारणाचे श्रेय घेऊ नये अशी चिंता आहे, तर दुसऱ्या बाजूला देवाचे प्रेम कोणावर लादले जाऊ नये अशी. पौल फिलिप्पैकरांना ‘आपले तारण साधून घ्या’ असे सांगतो आणि लगेच, इच्छा व कृती ही दोन्ही तुमच्या ठायी साधून देणारा देव आहे, असे म्हणतो. तो यांपैकी एकही बाजू सोडत नाही.

‘मी निवडलेल्यांपैकी आहे का?’ या प्रश्नाने अनेक प्रामाणिक मने पोळली आहेत. त्यांच्यासाठी सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिनचे उत्तर फार मोलाचे आहे: आपली निवड देवाच्या गुप्त संकल्पात डोकावून शोधू नये, ती ख्रिस्तात पाहावी, कारण ख्रिस्त हाच निवडीचा आरसा आहे.

पाचारण म्हणजे केवळ धर्मगुरूंना किंवा मठवासीयांना येणारी हाक, ही समजूत मात्र टिकणारी नाही. धर्मसुधारक ल्यूथरने घरातील आणि शेतातील कामालाही देवाने दिलेले पाचारण मानले. 1964 मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही पवित्रतेचे पाचारण सर्व ख्रिस्ती जनांना आहे असे शिकवले. असे काम हे तारण मिळवण्याचे साधन नव्हे; तारण लाभलेल्या माणसाने आपल्या नेहमीच्या कामातून शेजाऱ्याची केलेली सेवा म्हणजेच त्या हाकेला दिलेला प्रतिसाद.