तलवारीच्या मुठीतला फ्लॅश

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आजचा विषय ‘चित्रपटांतील वस्तूंच्या प्रतिकृती घरात कशा मांडाव्यात’ असा जाहीर झाला आहे आणि कपाट, काच, दिवे यांबद्दल मी बोलणारच आहे. परंतु कसे मांडायचे हे ठरवण्याआधी आपण नेमके काय मांडतो आहोत हे ठरवावे लागते, आणि गेली कित्येक वर्षे माझ्या मनात घोळणारा मुद्दा तिथेच आहे. आपले नाटकवाले जिला ‘प्रॉपर्टी’ म्हणतात, ती वस्तू प्रयोगात एक असते आणि विंगेत हातात घेतली की दुसरीच निघते. चित्रपटातही तसेच आहे. प्रतिकृती मांडताना या दोन्ही वस्तू पाहणाऱ्याला दिसल्या पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे.

टेबलावरची ही मूठ तुमच्यापैकी अनेकांनी मागच्या रांगेतूनच ओळखली असेल. १९७७ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये ल्यूकच्या हाती त्याच्या वडिलांची म्हणून जी प्रकाशतलवार येते, तिची ही प्रतिकृती आहे. चित्रपटाच्या तयारीत रॉजर ख्रिश्चन या सेट सजावटकाराला हातात पैसे थोडे असताना ही तलवार घडवायची होती. लंडनमधल्या एका छायाचित्रणाच्या दुकानात त्याला जुन्या कॅमेऱ्यांच्या फ्लॅशच्या धातूच्या नळ्या सापडल्या. त्याने त्यांतल्या एका नळीच्या खालच्या भागावर काळ्या पट्ट्या चिकटवल्या, मधल्या पकडीत एका कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवरची भिंगांची पट्टी बसवली, आणि तलवार झाली. मुठीवरचे हे लाल बटणसुद्धा मूळच्या फ्लॅशचेच आहे. पुढे याच चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाला मिळालेल्या ऑस्करमध्ये ख्रिश्चनचाही वाटा होता.

ती नळी ग्राफ्लेक्स या अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या कंपनीची. तिचा स्पीड ग्राफिक हा कॅमेरा अनेक दशके तिकडच्या वृत्तछायाचित्रकारांच्या हाती होता. फेब्रुवारी १९४५ मध्ये इवो जिमा बेटावर झेंडा उभारणाऱ्या सैनिकांचे जो रोझेंथल यांनी टिपलेले छायाचित्र याच कॅमेऱ्याचे आहे. नळीत तीन मोठे सेल बसत, वर ताटलीसारखा गोल परावर्तक असे, त्यात बल्ब लावला जाई, आणि एक बल्ब एकाच छायाचित्रासाठी जळून संपे. याच चित्रपटातल्या ओबी-वान या वृद्ध योद्ध्याची मूठ तर याहून नवलाची आहे: तिच्यात रोल्स-रॉइसच्या डरवेंट जेट इंजिनाचा एक भाग आहे, पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश रायफल-ग्रेनेडचा भाग आहे आणि न्हाणीघरातल्या नळाची चावी आहे. घरी आलेल्या मुलांना हे सांगितले की ती आधी खळखळून हसतात, आणि मग काचेला नाक लावून ती चावी शोधू लागतात. मांडणीने पाहणाऱ्याला असे नाक लावायला भाग पाडावे, असे मला मनापासून वाटते.

आता माझी तक्रार सांगतो. पडद्यावरच्या वस्तूशी तंतोतंत जुळणारी मूठ हवी, या हट्टापायी अनेक संग्राहक जुने, खरे फ्लॅश विकत घेतात. परावर्तक काढून बाजूला टाकतात, बुडाला कडी बसवण्यासाठी भोक पाडतात, आतल्या सेलच्या पट्ट्या उपटून तिथे दिवे आणि आवाजाचे सर्किट बसवतात. ज्याच्याकडे आजही चालू स्थितीतला स्पीड ग्राफिक आहे आणि ज्याला त्याने छायाचित्रे काढायची आहेत, त्याला फ्लॅश मिळेनासा झाला आहे, आणि मिळालाच तर तलवारीच्या भावाने. आमच्या शहरातल्या एका निवृत्त छायाचित्रकाराच्या घरी असा एक फ्लॅश परावर्तकासह असल्याचे मला कळले होते. मी पोहोचण्यापूर्वी आठवडाभर आधी तो विकला गेला. पुढे वर्षभराने एका संग्राहकाच्या दिवाणखान्यात तो मला दिसला: काचेच्या पेटीत, खालून निळ्या दिव्याने उजळलेला, बुडाला भोक पाडून कडी बसवलेला. त्या घरच्या चहाची चवसुद्धा मला लागली नाही. परावर्तकाचे काय झाले, असे विचारले, तर तो रद्दीबरोबर गेला होता. ज्या हातांनी ती नळी चाळीस वर्षे पुसूनपासून सांभाळली, त्यांची एकही खूण त्या पेटीजवळ नव्हती. चित्रपटावर प्रेम म्हणून एका खऱ्या वस्तूचा जीव घ्यायचा, हे मला आजही पटत नाही, आणि त्याची गरजही नाही, कारण त्याच मापाच्या धातूच्या नव्या नळ्या आज अनेक कारागीर घडवून विकतात. माझ्या टेबलावरची मूठ अशीच नवी आहे. तिच्या शेजारी ठेवलेला फ्लॅश जुना आहे, आणि त्याला मी एकही भोक पाडलेले नाही.

जाता जाता एक खटला सांगतो, कारण तो माझ्या मुद्द्याला धरून आहे. याच चित्रपटातल्या सैनिकांची पांढरी शिरस्त्राणे इंग्लंडमध्ये अँड्र्यू एन्सवर्थ यांनी प्लॅस्टिकचे पत्रे साच्यावर ओढून बनवली होती. पुढे त्यांनी प्रतिकृती विकायला सुरुवात केली तेव्हा निर्मात्यांनी कॉपीराइटचा दावा लावला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरवले, की शिरस्त्राण हे शिल्प नव्हे. कलाकृती तो चित्रपट आहे आणि शिरस्त्राण हे तो बनवताना वापरलेले साधन आहे. अनेक संग्राहकांना हा निकाल अपमानास्पद वाटला. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण साधन म्हणून पाहिले तरच ते कशापासून आणि कोणाच्या हातून झाले हा प्रश्न मनात येतो.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटे उरली आहेत, तेव्हा जाहीर केलेला विषय आता भराभर सांगतो.

सर्वांत मोठा शत्रू ऊन. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधले १९३९ चे लाल बूट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात १९७९ पासून आहेत आणि टिकल्यांचा रंग जपण्यासाठी ते मंद प्रकाशात ठेवले जातात. नाजूक वस्तूंवर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको, असा संग्रहालयांचा प्रघात आहे. म्हणून कपाट खिडकीसमोर नको, आणि दिवे एलईडी व शक्यतो पेटीच्या बाहेर असावेत, म्हणजे आत उष्णता साठत नाही.

दुसरा शत्रू आपला पावसाळा. कातडी चाबकाची माझी प्रतिकृती मी एका खिळ्याला टांगली होती. एका पावसाळ्यात तिच्यावर बुरशी चढली आणि खिळ्याच्या जागी कायमची घडी पडली. कातडे सैल वेटोळे करून रुंद गोल आधारावर ठेवावे, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र ठेवावे. डांबराच्या गोळ्या मात्र टाळाव्यात, कारण त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडते.

एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांच्या, कपाटातून आणि सांधे भरायच्या, व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून आम्लाची वाफ निघते आणि शिशासारख्या धातूवर पांढरी पूड चढते; कपाट धातूचे आणि काचेचे असलेले बरे. प्रतिकृतीतले सेल मांडण्यापूर्वी काढून घ्यावेत, नाहीतर ते पाझरून आतला भाग खातात. लॅटेक्सचे मुखवटे कितीही जपले तरी काही वर्षांत कडक होऊन तडकतात. ते घ्यायचे तर हे मान्य करून घ्यावे.

उंची पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असावी, मागची बाजू दिसण्यासाठी आरसा असावा, आणि शेजारी मूळ वस्तू किंवा निदान तिचे छायाचित्र असावे. माझ्या मुठीखाली जी चिठ्ठी आहे तिच्यावर एवढेच लिहिले आहे: ‘प्रतिकृती. मूळ वस्तू: वृत्तछायाचित्रकाराचा फ्लॅश, तीन सेलचा. तो उजवीकडे आहे. हातात घेऊन पाहायला हरकत नाही.’