एका विशेषणावर अडलेला नरक

श्रोतेहो, नमस्कार. नरकातली शिक्षा कायम भोगावी लागते की पापी माणूस तिथे संपूनच जातो, हा ख्रिस्ती लोकांमधला जुना वाद. घरात मराठी बायबल असेल तर मत्तयाचा २५वा अध्याय उघडा, ४६वं वचन काढा. ‘सार्वकालिक’ हा शब्द तिथे दोनदा सापडेल, एकदा शिक्षेला आणि एकदा जीवनाला. ग्रीकमध्येही दोन्हीकडे एकच विशेषण आहे, ‘आयोनिओस’. पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने याच जोडीवर बोट ठेवलं. जीवनाला अंत नाही म्हणता, मग शिक्षेला तो कुठून आणणार? कॅथलिक चर्च आजही हेच शिकवतं, बहुतेक प्रॉटेस्टंटही.

नरकात पापी माणसाचा समूळ नाश होतो असं मानणारे हे विशेषण नाकारत नाहीत. त्यांच्या मते शिक्षेचा परिणाम कायमचा असतो, भोगणं नव्हे. इब्री ९:१२ मधली ‘सार्वकालिक मुक्ती’ पाहा. मुक्ती मिळवण्याचं काम एकदाच झालं, फळ मात्र कायमचं. हा युक्तिवाद मला वजनदार वाटतो. त्यांचं दुसरं वचन मत्तय १०:२८, आत्मा आणि शरीर दोहोंचा नरकात नाश. पण सावधान! ‘नाश’साठीचं तेच ग्रीक क्रियापद लूक १५ मध्ये हरवलेल्या मेंढराला लावलंय. तरीही इथे आधीचा शब्द जिवे मारण्याचा आहे, म्हणून कल त्यांच्याकडेच जातो.

न मरणारा किडा आणि न विझणारा अग्नी, मार्क ९:४८, हे शब्द यशया ६६:२४ मधले. तिथे किडे लागलेत ते प्रेतांना; यातना भोगणाऱ्या जिवंत माणसांचा उल्लेखच नाही. घाईत वाचलं की हे निसटतं.

दुसरी गफलत लूक १६ मधल्या, मेल्यावर ज्वाळेत तळमळणाऱ्या श्रीमंत माणसाची; त्याची जागा म्हणजेच नरक, असं समजलं जातं. तो आहे अधोलोकात, म्हणजे ‘हेडीस’मध्ये, आणि त्याचे भाऊ अजून पृथ्वीवर जिवंत आहेत. शेवटच्या न्यायानंतरचा नरक तो ‘गेहेन्ना’. हे नाव यरुशलेमजवळच्या हिन्नोम खोऱ्याचं. तिथे मुलांना आगीत अर्पण करत, असं यिर्मया सांगतो. खोऱ्यात कचरा सतत जळत असे, हे प्रवचनांतलं आवडतं वाक्य, पण त्याला प्राचीन पुरावा नाही. शिवाय आपल्या ‘नरक’ शब्दाला पुराणांचा वास आहे, भोग संपले की सुटका. वादातल्या दोन्ही बाजूंना हा अर्थ अमान्यच.

समूळ नाशवाल्यांची खरी परीक्षा प्रकटीकरण २०:१० मध्ये होते. सैतान, श्वापद आणि खोटा संदेष्टा यांना रात्रंदिवस, युगानुयुग पीडा. श्वापद म्हणजे साम्राज्याचं प्रतीक, असं ते म्हणतात. शिवाय चारच वचनांनी मरण आणि अधोलोकही त्याच अग्निसरोवरात टाकले जातात, आणि त्यांना कसल्या यातना होणार? हे पटतं. पण सैतान काही नुसतं प्रतीक नव्हे. १९८८ मध्ये इंग्लंडचे धर्मोपदेशक जॉन स्टॉट यांनी समूळ नाशाच्या बाजूने कौल दिला, तोही जपून, अंतिम मत म्हणून नव्हे. या वचनाशी त्यांनाही झुंजावं लागलं.