चिकटलेले तारे, क्ष-किरण आणि आपली गच्ची

नमस्कार मंडळी! मे महिन्यात नागपुरात रात्री गच्चीवर अंथरूण टाकलं की डोक्यावर एक नारिंगी तारा दिसतो. तो स्वाती. त्याच्याच भूतप नक्षत्रात ४४ बूटिस नावाचा पाचव्या प्रतीच्या आसपासचा ठिपका आहे (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा, तर तारा मंद). बर्डीच्या झगमगाटात तो दिसायचा नाही, रामटेकच्या बाजूला गेलात तर दिसेल.

हा ठिपका म्हणजे खरं तर तीन तारे. त्यातले दोन एकमेकांना चिकटलेत. भुईमुगाची शेंग घ्या, दाणे दोन, टरफल एक. तसंच यांचं बाहेरचं वायूचं आवरण सामाईक आहे. साडेसहा तासांच्या आत एकमेकांभोवती फेरी पूर्ण! आपल्या सूर्याला स्वतःभोवती फिरायलाच पंचवीस दिवस लागतात. एवढ्या गरगर फिरण्यातून जबरदस्त चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ताऱ्याभोवतीचा विरळ वायू कोटीभर अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण सोडतो.

आता अशा जोड्या सापडतात कशा? जमिनीवरून क्ष-किरण दिसतच नाहीत, वातावरण ते शोषून घेतं. म्हणून १९९० मध्ये सोडलेल्या रोसॅट उपग्रहाने अख्ख्या आकाशाची क्ष-किरण पाहणी केली. पण त्याचा निशाणा ढोबळ. क्ष-किरण 'इथून कुठून तरी' येतात म्हणे, आणि तेवढ्या जागेत तारे चार-पाच. मग गुन्हेगार कोण? इथे साधा प्रकाश कामी येतो. रोत्से नावाचा एक कॅमेरा होता, चार टेलिफोटो लेन्सचा. बसवला होता गॅमा-किरणांचे स्फोट टिपायला, पण रोज रात्री सगळ्या आकाशाचे फोटो घेत गेला. त्या नोंदींत रोसॅटच्या जागी काही तासांच्या ठेक्यात मंद-तेज होणारा तारा सापडला, की संशयित पकडलाच.

(स्क्रीनवर प्रकाशाचा आलेख) हा डब्ल्यू अर्सा मेजॉरिस, अशीच एक चिकटलेली जोडी. १९०३ मध्ये म्युलर आणि केम्फ यांनी शोधलेला. फेरी आठ तासांची, त्यात दोनदा एक तारा दुसऱ्याला झाकतो, म्हणून दर चार तासांनी एक खड्डा. नीट बघा, आलेखात सपाट जागा कुठेच नाही. काहून? तारे ताणले गेलेत, वळतील तसा त्यांचा दिसणारा आकार सतत बदलतो. अशा कित्येक जोड्यांत दोन शिखरं सारखी नसतात. कारण बहुधा ताऱ्यांवरचे डाग, आणि त्यांच्याही मुळाशी तेच चुंबकीय क्षेत्र.

मला मात्र खरी गंमत वाटते ती पुढची. जितकं जलद फिरणं, तितके जास्त क्ष-किरण, हा नियम एका मर्यादेपर्यंतच चालतो. एकट्या जलद ताऱ्यांचे क्ष-किरण त्यांच्या एकूण प्रकाशाच्या सुमारे हजाराव्या भागावर अडकतात. चिकटलेल्या जोड्या त्याहूनही जलद, तरी त्यांचे क्ष-किरण त्या मर्यादेच्या कितीतरी खाली! मोठ्याकडून छोट्याकडे वाहणारा वायू छोट्याची चुंबकीय खळबळ दाबत असावा, असा एक तर्क आहे. मला तो पटतो, पण वाद मिटलेला नाही.

डब्ल्यू अर्सा मेजॉरिस तुम्हालाही टिपता येईल. प्रत पावणेआठ ते साडेआठ, म्हणजे ट्रायपॉडवर डीएसएलआर पुरे. फेब्रुवारी-मार्चमध्ये सप्तर्षीच्या बाजूला, उत्तरेकडे. सलग चार तास फोटो घ्या, शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी तुलना करा आणि आलेख कमेंटमध्ये टाका. फोकस मात्र मॅन्युअलच ठेवा बरं का!