पाच पैसे जादा

पारोळ्याच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर पत्र्याची एक पेटी आहे. माझे वडील पुण्याला शिकत होते, तेव्हा आजोबांनी त्यांना पाठवलेली पत्रं तिच्यात आहेत.

हे डिसेंबर १९७१ चं निळं इनलँड, म्हणजे घडी घालून चिकटवायचं टपालपत्र. पंधरा पैशांचं तिकीट त्यावर छापलेलंच आहे. मग शेजारी हे पाच पैशांचं लाल तिकीट कशाला? नीट बघा. कुटुंब नियोजनाचं तिकीट आहे, आईवडील आणि दोन मुलं, चौकोनी कुटुंब. आणि त्याच कुटुंबावर काळा छाप उमटवलाय : शरणार्थी सहायता.

२५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने कत्तल सुरू केली. त्यानंतरच्या आठ-नऊ महिन्यांत जवळपास एक कोटी माणसं सीमा ओलांडून पश्चिम बंगाल, त्रिपुरा, आसाम, मेघालयात आली. त्यांच्यासाठी १५ नोव्हेंबरपासून देशभरात टपालावर पाच पैसे जादा बसले. नवी तिकिटं छापायला सवड नव्हती, म्हणून जुन्यांवरच छाप मारले. कित्येक पोस्टांत तर हाताने, रबरी शिक्क्याने. १ डिसेंबरला नाशिकच्या छापखान्यातून निर्वासितांचं चित्र असलेलं नवं तिकीट आलं.

याला दान म्हणायचं का? मला नाही वाटत. सक्तीचाच पैसा तो. पण ज्याने बंगाल नकाशातही धड पाहिला नव्हता, अशा माणसाच्या पत्रावर ते तिकीट बसलं, एवढं खरं.

तिकडे छावण्यांत त्या उन्हाळ्यात पटकीची साथ होती. सीमेजवळच्या बनगावच्या इस्पितळात सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून रोग्यांना पाजायला सुरुवात केली. पाजायचे कोण, तर नातेवाईकच. शंभरात तीसच्या आसपास रोगी दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. आज आपल्या आरोग्य केंद्रात जलसंजीवनीची पुडी मिळते, ती याच उपायाची सुधारलेली आवृत्ती.

आता हे दुसरं इनलँड, सप्टेंबर १९७२ चं. त्यावर नाशिकचं नवं तिकीट आहे. बांगलादेश स्वतंत्र होऊन नऊ महिने झालेत, बहुतेक निर्वासित घरी परतलेत. पाच पैसे मात्र चालूच. ते थेट ३१ मार्च १९७३ पर्यंत चालले.

आणि इकडे खानदेशात पाऊस नाही. आजोबा लिहितात, "विहिरीने तळ गाठला. बैलजोडी विकली. तुझी आई खडी फोडायला जाते, मी बंधाऱ्यावर माती वाहतो. तू शिकणे सोडू नको." दुष्काळात वाटलेल्या लाल मिलो ज्वारीचे आणि सुकडीचे दिवस होते ते. आजोबा आता स्वतःच मदतीच्या रांगेत उभे होते, आणि पत्रावर निर्वासितांचं तिकीटही चिकटवत होते.

या करातून पोस्टकार्ड वगळलेलं होतं. कार्ड दहा पैशांत जायचं, वर काही नाही.

पेटीतली यापुढची सगळी पत्रं कार्डंच आहेत. कार्डावरचा मजकूर पोस्टमनपासून खानावळवाल्यापर्यंत कोणीही वाचणार. त्यांत विहीर नाही, बैल नाहीत, खडी नाही. "इकडील सर्व खुशाल", आणि खाली सही.