लपायचं कशाला?

पाऊस एकदाचा स्थिरावला की पुण्यातल्या बाल्कन्यांमध्ये कृष्णकमळाच्या वेली ग्रिल सोडून छताकडे निघतात. कोथरूडमधल्या या तिसऱ्या मजल्यावरही तेच झालंय. आणि वेलीभोवती एक केशरी फुलपाखरू रेंगाळतंय. उडणं इतकं संथ की कॅमेरा हातभर अंतरावर नेला तरी त्याला काही घाई नाही.

ही कृष्णकमलिनी, म्हणजे टॉनी कोस्टर. परदेशात ज्या फुलपाखरांना फ्रिटिलरी म्हणतात, त्यांच्याच उपकुळातली. तिकडच्या फ्रिटिलरींच्या अळ्या बहुधा व्हायोलेट या फुलझाडाची पानं खातात. आपल्याकडे माळरानावर उगवणारं रतनपुरुष हे व्हायोलेटच्याच कुळातलं, आणि कृष्णकमलिनीच्या अळ्यांना तेही चालतं. पण शहरात रतनपुरुष कुठून आणणार? कृष्णकमळ मात्र सोसायटीगणिक सापडतं. मूळचं अमेरिका खंडातलं, आता अगदी घरचं.

मादी पुढच्या आखूड पायांनी पान चाचपते, खात्री करून घेते आणि पानाच्या मागच्या बाजूला पिवळी अंडी घालते. सुटी नाहीत, एका जागी पन्नास-साठ, अगदी चिकटून.

हे फुलपाखरू घरी वाढवायचंच असेल, तर सुरुवात इथूनच करावी. पान देठासकट कापायचं, डबीत ठेवायचं आणि तोंडाला मलमलीचं फडकं बांधायचं. मोठी झालेली अळी वेलीवरून उचलून आणणं सोपं वाटतं, पण तिच्या अंगात एखाद्या माशीनं किंवा बारीक गांधीलमाशीनं आधीच अंडी घातलेली असू शकतात. मग कोषातून बाहेर पडते ती माशी.

चार-पाच दिवसांत अळ्या बाहेर येतात आणि घोळक्यानं पान खरवडू लागतात. हळूहळू लालसर तपकिरी होतात, अंगभर फांद्या फुटल्यासारखे काटे येतात. काटे दिसायला भयंकर, पण टोचत नाहीत. तरी बोटानं उचलू नये, मऊ ब्रश वापरावा. रोज ताजी पानं आणि रोज विष्ठेची सफाई. हे टाळलं की बुरशी येते आणि डबीच्या डबी मरते. डहाळी पाण्यात ठेवली असेल तर बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा हवा, नाहीतर अळ्या खाली उतरून बुडतात. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या वेलीची पानं देऊ नयेत. त्यांवर काय फवारलंय, कुणाला ठाऊक?

आता एक गोष्ट बघा. एवढ्या अळ्या, उघड्या पानावर, भर उन्हात, आणि एकही पक्षी फिरकत नाही. कृष्णकमळाच्या पानांत सायनाइड सोडणारी संयुगं असतात. कृष्णकमलिनी ज्या गटातली आहे, त्या अॅक्रिया गटातली फुलपाखरं अशी संयुगं स्वतःच्या शरीरातही बनवतात. प्रौढ फुलपाखराला डिवचलं तर अंगातून पिवळा, घाण वासाचा द्रव येतो. लपायची गरजच कुणाला आहे? पण हे विष पक्ष्यांसाठी. बारीक गांधीलमाशीला त्याचं काही वाटत नाही, म्हणून तर ते मलमलीचं फडकं.

चार वेळा कात टाकली की अळी एके दिवशी खाणं सोडते. पानांपासून दूर जाते, रेशमाची बारीक गादी विणते आणि शेपटीकडून उलटी लटकते. मग डोक्यामागे कातडी फाटते.

खरी कसोटी पुढेच. कातडी वर सरकत सरकत टोकाशी गोळा होते. आत तयार झालेल्या कोषाला आपलं हुकांसारख्या आकड्यांचं टोक त्या कातडीतून बाहेर काढून गादीत रुतवायचं असतं. तेवढा वेळ तो लोंबतो तो केवळ जुन्या कातडीच्या आधारावर. नेम चुकला तर सरळ खाली. आकडे रुतले की कोष स्वतःला गरागरा पिळतो आणि ती कातडी झटकून टाकतो.

कोष पांढरट, त्यावर काळ्या रेघा, नारिंगी ठिपके. वाळल्या पानाचं सोंग नाही, हिरवा रंग नाही. इथंही लपणं नाहीच.

डबीतली एक अळी मात्र फडक्याच्या फटीतून निसटली आणि तिनं कोष केला तो थेट कपडे वाळत घालायच्या दोरीवर. फुलपाखरू बाहेर पडेपर्यंत कपडे आता आतल्या खोलीत, पंख्याखाली वाळतात.