दोन बोटांचा बाज

नमस्कार श्रोतेहो.

आधी एक करा. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका तळव्याकडे मुडपून घ्या, आणि उरलेल्या बोटांनी शर्टाचं बटण लावून बघा. अवघड जातंय ना? आता कल्पना करा, त्या हाताच्या दोनच बोटांनी गिटार वाजवायची आहे.

जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची ही गोष्ट. जन्म २३ जानेवारी १९१० चा, बेल्जियममधल्या लिबर्शी गावचा. मानूश, म्हणजे रोमा किंवा जिप्सी लोकांपैकी एका जमातीचं भटकं कुटुंब, घर म्हणजे चाकांवरची लाकडी खोली. पुढे बिऱ्हाड पॅरिसच्या वेशीवर आलं. शाळेशी संबंध नाही, स्वरलिपी तर दूरच. पोरवयातच तो नाचघरांत अकॉर्डियनला बँजोची साथ करून चार पैसे मिळवू लागला.

नोव्हेंबर १९२८. रात्री कार्यक्रम आटोपून तो गाडीत परतला. बायको सेल्युलॉइडची, म्हणजे चटकन पेटणाऱ्या प्लॅस्टिकची फुलं करून विकायची, त्यांचा ढीग तिथंच पडलेला. मेणबत्तीमुळे त्या फुलांनी पेट घेतला आणि बघता बघता भडका उडाला. दोघं वाचली, पण त्याचा पाय आणि डावा हात भाजला. डॉक्टर पाय कापायचं म्हणाले, यानं साफ नकार दिला. पाय वाचला, हाताची दोन बोटं मात्र आखडून वाकडी राहिली. धाकट्या भावानं, जोसेफनं, अंथरुणाशी गिटार आणून दिली.

'बोटं गेली तरीही तो मोठा झाला' असं म्हणायची पद्धत आहे. मला ते अर्धवट वाटतं. चार बोटांचा वादक हात एका जागी ठेवून या तारेवरून त्या तारेवर जातो. जँगोला ते जमेना, म्हणून तो तारेच्या लांबीवरून धावू लागला. आपला सतारिया काय करतो? बाजाच्या तारेवर तर्जनी आणि मध्यमा, बस्स! सतार ऐकून तयार झालेल्या कानाला जँगो परका वाटत नाही, तो यामुळे. आखडलेली बोटंही त्यानं वाया घालवली नाहीत. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, धरताना ती खालच्या बारीक तारांवर टेकवायचा.

१९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेलीबरोबर त्याचं पंचक जमलं. तीन गिटार, एक व्हायोलिन, एक डबल बास. ड्रम नाही, ट्रम्पेट नाही! ठेका धरायचा तो दोन गिटारींनी. जॅझ अमेरिकेचं, पण हा बाज पॅरिसचा.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा दोघं लंडनमध्ये होते. ग्रापेली तिथंच राहिला, जँगो पॅरिसला परतला. त्याच्या जमातीचे लोक नाझी छळछावण्यांत मरत होते, आणि त्याच काळात जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये त्याची 'न्युआज', म्हणजे 'ढग', ही रचना लोकांच्या ओठांवर होती.

१९४६ मध्ये अमेरिकेतला नामवंत जॅझ वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टननं त्याला अमेरिकेला नेलं. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये दुसऱ्या रात्री हा पठ्ठ्या उशिरा उगवला. वेळ पाळणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. शेवटची वर्षं सेन नदीकाठच्या साम्वा गावात गेली, बरीचशी गळ टाकून मासे पकडण्यात. १६ मे १९५३ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. वय त्रेचाळीस.

ऐकू या १९४० चं 'न्युआज'. व्हायोलिनच्या जागी इथं क्लॅरिनेट आहे. आधी ते चाल सांगेल, मग गिटार येईल. आणि हो, मुडपलेली बोटं आता मोकळी केलीत तरी चालेल.